उसनवारीचं पोट

माझ्या लिहायच्या टेबलावर एक काचेची बरणी असते. तिच्यात चवळीचे दाणे आहेत आणि दाण्यांत भुंगेरे. मुद्दाम ठेवलेत, गेली काही वर्षं. शेजारी दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं. लिहिताना अडलं की एखादा दाणा चिमटीत धरून भिंगाखाली घेते.

आत्ता हातात असलेल्या दाण्यावर एक अंडं आहे. तेलाचा बारीकसा थेंब पडून तिथेच वाळावा तसा छोटा घुमट, दाण्याला घट्ट चिकटलेला. परवापर्यंत तो पारदर्शक होता, आज दुधी पांढरा झालाय. नवख्या माणसाला वाटेल अंडं वाया गेलं. खरं तर उलट झालंय. आतल्या अळीने वरचं टरफल फोडलंच नाही. तिने थेट अंड्याचा तळ पोखरला, त्याखालची दाण्याची साल पोखरली आणि ती आत उतरली. पोखरताना निघालेला भुसा तिने मागे, रिकाम्या टरफलात ढकलला. तो पांढरा रंग त्या भुशाचा. उबदार हवेत आता तीन-चार आठवडे ती या एका दाण्यातच राहील, खाईल, वाढेल. मग सालीपर्यंत पोखरत येऊन आतून एक गोल चकती कोरून ठेवेल. ती पातळ साल बाहेरून करड्या खिडकीसारखी दिसते. त्या खिडकीमागे ती कोष करेल आणि एके दिवशी झाकण ढकलून भुंगेरा बाहेर येईल.

दाणा बदलायची मुभा तिला नाही. आईने जिथे अंडं चिकटवलं तेच घर आणि तेच अन्न. आत जे आहे ते पचलं तर जगायचं, नाहीतर तिथेच संपायचं. मराठीत आपण एखादी गोष्ट ‘पचनी पडली’ म्हणतो, ‘पचवली’ म्हणतो. या अळीकडे बघताना त्या शब्दांचं खरं वजन कळतं.

कारण दाणा म्हणजे कुणासाठी वाढून ठेवलेलं ताट नव्हे. झाडाने आपल्या पुढच्या पिढीसाठी बांधलेली ती शिदोरी आहे, आणि तिच्यावर राखण बसवलेली आहे. स्टार्च आहे, पण ते फोडणाऱ्या अमायलेज या एन्झाइमला जखडणारी प्रथिनंही सोबत आहेत. प्रथिनांचा साठा आहे, पण प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांना, म्हणजे प्रोटिएजांना, अडवणारी रोधक प्रथिनंही तिथेच आहेत. हे अडवणं कसं चालतं ते सांगण्यासारखं आहे. प्रोटिएजला एक खोबण असते. प्रथिनाची साखळी त्या खोबणीत येते, कापली जाते, सुटते, पुढची येते. रोधक प्रथिनाचा एक भाग नेमका त्याच खोबणीच्या मापाचा असतो. तो आत शिरतो आणि सुटायचं नाव घेत नाही. कात्रीच्या पात्यांत खडा अडकावा तसं होतं, आणि अळी भरल्या पोटी उपाशी राहते.

झाडं हे फक्त बियांत करतात असंही नाही. १९७२ साली अमेरिकेत ग्रीन आणि रायन या दोघांनी बटाट्याच्या आणि टोमॅटोच्या झाडांवर कोलोरॅडो बटाटा भुंगेरे सोडले. भुंगेऱ्यांनी काही पानं कुरतडली. थोड्याच काळात प्रोटिएज-रोधक प्रथिनं झाडभर साठू लागली, ज्या पानांना दातही लागला नव्हता त्यांतसुद्धा. एका पानाला झालेली जखम दुसऱ्या पानांना कळली होती. झाडाच्या आत निरोप फिरतात, हे या प्रयोगाने ठसठशीतपणे दाखवलं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. झाडाने किड्याच्या पायावर किंवा पंखावर वार केला नाही, त्याने नेम धरला तो पचनावर.

मग भुंगेऱ्यांनी काय केलं? इथे त्यांच्या कुळातली एक फार जुनी घडामोड सांगावी लागते. बहुतेक कीटकांच्या आतड्यात प्रथिनं कापायचं काम ट्रिप्सिनसारखी एन्झाइमं करतात, आणि बियांतली बरीचशी रोधक प्रथिनं याच घराण्याला जखडणारी असतात. पण भुंगेऱ्यांच्या एका मोठ्या शाखेत, जिच्यात सोंडकिडे, पानभुंगेरे, लांबशिंगे भुंगेरे, पिठातले किडे आणि माझ्या बरणीतले हे रहिवासीही येतात, वेगळीच एन्झाइमं पुढे आलेली दिसतात. ती आहेत कॅथेप्सिन. ही मुळात पोटातली नव्हेत. प्राण्यांच्या जवळपास प्रत्येक पेशीत लयकारिका नावाच्या पिशव्या असतात. पेशीतली जुनी, निकामी प्रथिनं तिथे मोडीत निघतात, आणि मोडायचं काम कॅथेप्सिन करतात. म्हणजे हे पेशीच्या आतलं, घरगुती अवजार. या भुंगेऱ्यांच्या पूर्वजांनी ते बाहेर काढून आतड्याच्या कामाला लावलं. ट्रिप्सिनला अडवणारा खडा कॅथेप्सिनच्या खोबणीत बसत नाही, कारण त्याची कापायची तऱ्हाच निराळी. साओ पाउलो विद्यापीठातल्या वॉल्टर टेरा आणि क्लेलिया फेरेरा यांनी कीटकांच्या पचनाची आयुष्यभर तुलना केली. या बदलामागे बियांतली रोधक प्रथिनंच असावीत, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं.

कॅथेप्सिनला आम्ल लागतं. त्यामुळे या भुंगेऱ्यांचं मधलं आतडंही तसंच घडलेलं आहे. पिठात वाढणाऱ्या टेनेब्रिओच्या अळीत तर एकाच नळीत दोन मुलूख आहेत. पुढच्या टोकाला सामू (पीएच) सुमारे ५.६, तिथे कॅथेप्सिन राबतात. मागच्या टोकाला तो ७.९ पर्यंत चढतो आणि तिथे ट्रिप्सिनच्या घराण्यातली एन्झाइमं उरलेलं काम हातात घेतात. जुनं टाकून दिलेलं नाही. नव्याला पुढची खोली दिली आणि जुन्याला मागची. बोटाच्या पेराएवढ्या अळीत उत्क्रांतीचे दोन काळ एकामागोमाग नांदतात, आणि पिठाचा प्रत्येक कण त्या दोन्हींतून जातो.

झाडं यावर गप्प बसली नाहीत. कॅथेप्सिनना अडवणारी प्रथिनंही निघाली. सोयाबीनमधलं असं एक रोधक चवळीच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांना खायला घालून पाहिलंय. सुरुवातीच्या अवस्थांत अळ्यांची वाढ रखडते. चौथ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत मात्र त्या पुन्हा नीट खाऊ लागतात. या मधल्या काळात त्यांच्या आतड्यातल्या जनुकांचा सगळा सूर बदललेला असतो. ज्यांच्यावर हे रोधक चालत नाही अशा प्रोटिएजांची निर्मिती वाढलेली असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून साठलेले पर्याय एका अळीच्या एका आयुष्यात एकेक करून वापरले जातात. बंद दाण्यात, अंधारात.

या सगळ्याला ‘शस्त्रस्पर्धा’ म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द पुरेसा वाटत नाही. स्पर्धेत दोघं एकाच दिशेने धावतात. इथे चालते ती घासाघीस, आणि दर वेळी शेरास सव्वाशेर भेटतो. राजम्याच्या दाण्यात अमायलेजला जखडणारं एक प्रथिन असतं. माझ्या बरणीतल्या भुंगेऱ्याचं अमायलेज त्याच्या तावडीत सापडतं. पण झाब्रोटीस नावाचा दुसरा भुंगेरा राजम्यावरच पोसला गेलेला आहे. त्याचं अमायलेज त्या प्रथिनाला दाद देत नाही. आणि राजम्याच्या काही रानटी वाणांत त्याच प्रथिनाचा थोडा वेगळा अवतार सापडतो. तो झाब्रोटीसला अडवतो. म्हणजे कुलूप आणि किल्ली दोन्ही एकमेकांकडे बघत घडत गेली.

इथवरच्या गोष्टीत भुंगेऱ्याने जे काही वापरलं ते त्याचं स्वतःचं होतं. वडिलोपार्जित जनुकं, थोडी फिरवलेली. मला खरी सांगायची गोष्ट आता सुरू होते.

वनस्पतीची प्रत्येक पेशी एका भिंतीत राहते. त्या भिंतीत सेल्युलोजचे लांब धागे, त्यांना बांधणारे झायलोग्लुकॅनसारखे दोर, आणि सगळ्यांभोवती पेक्टिनचा चिकट गिलावा. माणसाच्या स्वतःच्या एन्झाइमांना ही भिंत फुटत नाही. आपल्या आतड्यातले जिवाणू काही भाग फोडतात, बाकी तशीच निघून जाते. कीटकांबद्दलही बराच काळ असंच धरलं जायचं की सेल्युलोज फोडणं हे पोटातल्या सूक्ष्मजीवांचं काम, कीटक स्वतः फक्त यजमान. १९९८ साली एका जपानी वाळवीच्या स्वतःच्या जनुकसंचात सेल्युलेजचं, म्हणजे सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक मिळालं आणि ही समजूत ढळली. मग भुंगेऱ्यांमध्ये शोध सुरू झाला. तिथे जी जनुकं सापडत गेली, त्यांचं रूप मात्र प्राण्यांच्या घराण्यातलं वाटत नव्हतं. पेक्टिन फोडणाऱ्या एन्झाइमांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक शोधले तर ते बुरशीत निघाले.

म्हणजे काय, तर डायनासोरांच्या काळात कधीतरी, पानभुंगेरे, लांबशिंगे आणि सोंडकिडे यांच्या सामाईक पूर्वजाच्या जनुकसंचात बुरशीचं एक जनुक येऊन बसलं. आईबापांकडून नव्हे, शेजाऱ्याकडून. नेहमीचा वारसा वरून खाली येतो, हा आडवा आला. आणि तो टिकायचा तर नुसतं पोटात येऊन भागत नाही, अंडं किंवा शुक्राणू बनवणाऱ्या पेशीत तो शिरावा लागतो, तिथे गुणसूत्रात रुजावा लागतो, प्राण्याच्या पेशीला वाचता येईल असा व्हावा लागतो. या प्रत्येक पायरीवर तो हरवण्याचीच शक्यता जास्त. तरीही हे एकदा झालं नाही, अनेकदा झालं. काही जनुकं बुरशीकडून, काही जिवाणूंकडून. शाळेत आपण जीवांचा वंशवृक्ष काढतो, त्यात फांद्या फक्त फुटत जातात. या झाडावर मात्र कुठूनतरी दुसऱ्याच फांदीचं कलम बांधलेलं आहे आणि ते जगलंय.

हे मला पहिल्यांदा उमगलं ते कॉफीच्या बोंडअळीसारख्या एका किड्यामुळे. अळी म्हटलं तरी तो सोंडकिड्यांच्या कुळातला, दीड-दोन मिलिमीटरचा काळा भुंगेरा, हायपोथेनेमस हॅम्पी. मादी कॉफीचं फळ पोखरून थेट बीमध्ये शिरते, तिथे अंडी घालते, आणि पिल्लं तीच बी खाऊन वाढतात. कॉफीच्या बीमधला कर्बोदकांचा मोठा साठा गॅलॅक्टोमॅनन या रूपात असतो. तो फोडायला मॅननेज हे एन्झाइम हवं. २०१२ साली संशोधकांना या किड्यात मॅननेजचं जनुक मिळालं आणि ते जिवाणूच्या जनुकांशी जुळणारं निघालं. जिवाणूंच्या जनुकांसारखंच त्यात मध्ये इंट्रॉनचे, म्हणजे प्रथिन बनवताना गाळून टाकायचे, तुकडे नाहीत. आजूबाजूला ट्रान्सपोझॉन आहेत, जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारणारे तुकडे. बहुधा तेच हमाल. आणि ज्या तपशिलाशी मी थांबले, पुन्हा वाचलं, पुन्हा थांबले, तो असा: याच किड्याच्या अगदी सख्ख्या नात्यातल्या हायपोथेनेमस ऑब्स्क्युरसमध्ये हे जनुक नाही, आणि कॉफीच्या बीवर त्याला संसार थाटता येत नाही.

एक जनुक. त्याच्या अलीकडे एक जात, पलीकडे दुसरी. मी लगेच स्वतःला बजावलं की एवढ्यावर सगळं नसतं. कॉफीच्या बीमध्ये कॅफीनही आहे, आणि ते बहुतेक किड्यांना विषच. २०१५ साली दिसलं की या किड्याच्या आतड्यातले जिवाणू कॅफीन मोडून टाकतात. ते जिवाणू मारले तर कॅफीन तसंच बाहेर पडतं आणि किड्याची वीण कोसळते. तेव्हा हा किडा एका जिवाणूकडून उसनं घेतलेल्या जनुकाने पोट भरतो, आणि दुसऱ्या जिवाणूंच्या सोबतीने त्या जेवणातलं विष निववतो. त्याचं स्वतःचं असं त्यात किती?

उसनं आणलेलं पुढे कसं राबवलं जातं, हाही भाग मला फार आवडतो. मोहरीच्या कुळातल्या पानांवर जगणारा निळसर चकचकीत फेडॉन हा पानभुंगेरा घ्या. बुरशीकडून आलेल्या त्या एका पेक्टिन-फोड्या जनुकाच्या त्याच्याकडे आता अनेक प्रती आहेत. जनुकाची प्रत निघाली की एक प्रत जुनं काम सांभाळते आणि दुसरी मोकळी होते. मोकळ्या प्रतीत बदल साठतात. सेल्युलोज फोडणाऱ्या जनुकांच्या बाबतीतही असंच झालं, आणि काही प्रती सेल्युलोज सोडून झायलोग्लुकॅनकडे वळल्या. म्हणजे धागा सोडला आणि दोर कापायला लागल्या. काही प्रती तर काहीच कापत नाहीत. एन्झाइमाचा आकार आहे, धार गेलेली आहे.

ही बोथट सुरी भुंगेरा अजून का बाळगतो? याचं एक शक्य उत्तर ऐकून मी थरारले होते. बुरशा झाडात शिरताना पेक्टिन फोडतात, म्हणून झाडांनी फार पूर्वीपासून त्या बुरशी-एन्झाइमांना अडवणारी प्रथिनं बनवलेली आहेत. पेशीभित्तिकेत ती पहाऱ्यावर असतात. आता भुंगेरा बुरशीचंच हत्यार घेऊन आला. चिनी कोबीतल्या अशा पहारेकरी प्रथिनांनी फेडॉनच्या एन्झाइमांना अडवल्याचं प्रयोगात दिसलंय. शत्रूची तलवार उसनी घेतली तर त्या तलवारीसाठी घडवलेली ढालही वाट्याला येते. आणि बोथट प्रती कदाचित यासाठीच असतील: पहारेकऱ्यांनी त्यांनाच धरून बसावं आणि धारदार प्रती सुटून कामाला लागाव्यात. हे अजून सिद्ध झालेलं नाही, पण मला ते खरं ठरावं असं मनापासून वाटतं.

२०२२ साली जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेत फेडॉनची ही पेक्टिन-फोडी जनुकं क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्राने बंद पाडली. सगळी बंद झाल्यावर पेक्टिन फोडण्याची कुवत पार गेली. म्हणजे ती पूर्णपणे बुरशीकडून आलेल्या जनुकांवर उभी होती, दुसरा आधार नव्हता. भुंगेऱ्यांची वाढ आणि जगण्याचं प्रमाण दोन्हीं घसरलं. पेक्टिनमधून पोषण किती मिळतं, हा मुद्दा इथे दुय्यम ठरला. फायदा होता तो भिंत सैल होण्यात. भिंत सैल झाली की आतला रस, प्रथिनं, साखर हाती लागते.

आणि ज्याच्याकडे हे जनुक उरलं नाही, त्याने काय करायचं? कासवासारखी पाठ असलेला कॅसिडा हा पानभुंगेरा पेक्टिन फोडायचं काम दुसऱ्याकडून करून घेतो. त्याच्या अन्ननलिकेला लागून छोट्या पिशव्या असतात, त्यांत स्टॅमेरा नावाचा जिवाणू राहतो. तोच पेक्टिन फोडणारी एन्झाइमं पुरवतो. २०१७ साली त्याचा जनुकसंच वाचला तर त्यात जेमतेम अडीचशे जनुकं. आपल्या आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जिवाणूकडे चार हजारांवर असतात. स्टॅमेराने स्वतःचं स्वयंपूर्ण आयुष्य जवळजवळ सगळं सोडून दिलंय, पण पेक्टिन फोडणं सोडलेलं नाही.

यातला एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कॅसिडाची मादी अंडं घालते तेव्हा प्रत्येक अंड्याच्या टोकावर एक इवलीशी टोपी ठेवते. तिच्यात हे जिवाणू भरलेले असतात. अळी अंड्यातून बाहेर येताना आधी ती टोपी खाते, मग पानाकडे वळते. टोपी काढून टाकली तर अळीसमोर पान असूनही तिचं नीट भागत नाही, आणि बऱ्याचशा अळ्या मरतात. पानभुंगेऱ्याच्या आईने लेकराला दिलेलं हे पोट आहे, अंड्याबाहेर, एका टोपीत.

भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जाती आपल्याला ठाऊक आहेत, आणि त्यांत वनस्पतींवर जगणाऱ्यांचा वाटा प्रचंड. २०१९ साली १४६ जातींची ४,८०० हून अधिक जनुकं ताडून एक मोठा वंशवृक्ष मांडला गेला. बुरशी-जिवाणूंकडून मिळालेल्या या भिंत-फोड्या जनुकांचा भुंगेऱ्यांच्या भरभराटीत मोठा हात आहे, असं त्यातून पुढे आलं. ते खरं असेलच. पण एवढ्या मोठ्या पसाऱ्याला एकच कारण देणं मला नको वाटतं. पाण्यातल्या डायटिस्कस भुंगेऱ्याची अळी तर पोटाबाहेरच पचवते. तिच्या कोयत्यासारख्या जबड्यांत नळ्या असतात, त्यांतून ती भक्ष्यात पाचकरस सोडते आणि विरघळलेलं मांस ओढून घेते. गेंड्या भुंगेऱ्यांच्या अळ्या कुजलेलं लाकूड मागच्या आतड्यातल्या फुगीर पिशवीत जिवाणूंकडून आंबवून घेतात. त्यांना ना आडव्या वारशाची ती भिंत-फोडी जनुकं लागली, ना टोपीतला जिवाणू. जगायच्या वाटा एवढ्या निरनिराळ्या आहेत.

बरणीकडे परत येते. महिन्याभरापूर्वी मी एका बशीत राजम्याचे सहा दाणे ठेवले आणि त्यांत बरणीतल्या दोन माद्या सोडल्या. त्यांनी अंडी घातली. मादीला दाणा गुळगुळीत आणि गोलसर असला की पुरतो, आतलं तिला कळत नाही. आठवड्याभरात अंडी एकेक करून पांढरी झाली. म्हणजे अळ्या तळ पोखरून आत उतरल्या, भुसा मागे ढकलला, खायला लागल्या.

त्याच दिवशी वेगळ्या वाटीत ठेवलेल्या चवळीच्या दाण्यांवर गेल्या आठवड्यात खिडक्या दिसू लागल्या, करड्या, गोल, एकीमागे एक. आज सकाळी त्यांतलं एक झाकण किंचित उचललं गेलं. फटीतून आधी दोन मिशा आल्या, मग तपकिरी डोकं. तो बाहेर आला आणि दाण्यावरच थांबला. त्याला आता काही खायची गरज नाही, पुढच्या आयुष्याला पुरेल एवढं त्याच्या अळीने आत पचवून ठेवलंय.

राजम्याचे सहाही दाणे मी भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिले. पांढरे ठिपके जिथल्या तिथे आहेत. साल अखंड आहे. एकाही दाण्यावर खिडकी नाही.